‘कुणाला’ म्हणजे नक्की कुणाला

“सिराज, ए सिराज, खाली जा रे. दारात कुणी परका माणूस चुकून उभा आहे. त्याला वाटेला लाव.”

तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी सज्जातून आईचा हा आवाज यायचा. जाळीतून चाळून आलेला, म्हणून पिठासारखा मऊ. आई दिसायची नाही, तिचा आवाज तेवढा भिंतीवरून सरसरत खाली उतरायचा. मग छोटा सिराज पायऱ्या टणटण उतरायचा, परक्याचं बोट धरायचा आणि जेद्दाच्या गल्ल्यांतून त्याला मशिदीत, बंदरावर, हाजींच्या मुक्कामी नेऊन सोडायचा. मोठमोठी दाढीवाली माणसं वासरासारखी त्याच्यामागून चालत. त्या वयात मनात एकदा जे बसतं ते बसतं. सिराजच्या मनात बसलं, की जगात माणसं दोनच प्रकारची, वाट विचारणारी आणि वाट दाखवणारी. आणि आपण कुठल्या प्रकारात जन्मलो याबद्दल त्याला काही शंका उरली नाही.

पुढे तो भूगोलाचा मास्तर झाला यात नवल नाही. नवल हे, की निवृत्त होऊन पांढऱ्या मिश्या आल्या तरी सिराजमास्तरांना कुणी कधी कुणाला काही विचारताना पाहिलं नव्हतं. दुकानात साबण कुठे आहे हे विचारण्यापेक्षा ते सगळं दुकान फिरत, आणि मग साबण नको होताच असं ठरवून परत येत. एकदा तर गुडघा दाखवायला म्हणून इस्पितळात गेले आणि बाळंतिणींच्या रांगेत बसून राहिले. शेजारची बाई दयाळूपणे म्हणाली, “सुनेचं का?” तर मास्तर म्हणाले, “हो.” सुनेचं तेव्हा लग्न होऊन आठवडा झाला होता. ती बातमी घरी त्यांच्या आधी पोहोचली.

तर असे हे सिराजमास्तर एका शुक्रवारी जेवण झाल्यावर बोटं चाटता चाटता म्हणाले, “आज जुन्या गावात जाऊ. आमचं जुनं घर बकरला दाखवतो. पायी.”

बकर हा मास्तरांचा मेव्हणा. त्यांच्या बायकोचा, बहीजाचा, धाकटा भाऊ. रियाधला एसीचा धंदा करतो आणि बोलतोही तसाच, गार. तो म्हणाला, “भावोजी, जुन्या गावात आता जुनं काय राहिलंय? सगळं खोदून ठेवलंय म्हणे.”

“गल्ल्या खोदल्या तरी गल्ल्याच राहतात,” मास्तर म्हणाले. या वाक्याचा अर्थ काय हे कुणी विचारलं नाही, म्हणून ते खपून गेलं.

जिना उतरेपर्यंत ही बातमी इमारतभर झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, बाब शरीफच्या वेशीतून शिरा, सावली मिळेल. पहिल्या मजल्यावरची उम्म राकान म्हणाली, बाब शरीफला चुकूनही जाऊ नका, बाब जदीदला विजेवरच्या छोट्या गाड्या असतात, त्यात बसा, बहीजाच्या टाचांचा विचार करा. पहारेकऱ्याचं म्हणणं पडलं की आज जाऊच नये. मास्तरांनी तिघांचं हसून ऐकलं. सल्ला न विचारता मिळाला की तो ऐकायला त्यांची हरकत नसे. मग त्यांनी गाडी या तिघांपैकी एकानेही न सांगितलेल्या बाब मक्क्याशी नेऊन उभी केली.

बाब मक्का म्हणजे जुन्या गावाची पूर्वेची वेस. तिच्या कमानीखाली मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. मसाल्याच्या दुकानांचा वास, भाजल्या कलेजीचा वास, आणि या सगळ्याच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत राहतो तसा, समुद्राचा वास. उन्हं कलती झाली होती. पोवळ्याच्या दगडाची घरं पाठीला पोक आल्यासारखी एकमेकांकडे झुकली होती, आणि त्यांच्या जाळीदार सज्जांतून ऊन गल्लीत सांडलं होतं.

“भावोजी, नकाशा लावू का?” बकरने फोन काढला. “यात सगळ्या गल्ल्या आहेत.”

“ठेव तो खिशात.”

“नाही, म्हणजे वेळ वाचेल. ताईच्या टाचा...”

“माझ्या टाचा माझ्या मी बघेन,” बहीजा म्हणाली.

“आणि चुकलो तर? विचारायची वेळ आली तर? तुम्ही तर विचारणार नाही. इस्पितळात नाही विचारलंत.” बकर हसला. हसला तेही गार. “सून बाळंत झाली का शेवटी?”

कलेजीवाल्याच्या गाड्याशी उभे असलेले दोघे-तिघे वळून पाहू लागले. आता मास्तरांनी काय करायला हवं होतं? हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मास्तरांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडू लागली आणि त्यांच्या तोंडून, उचकी यावी तसं, ते वाक्य बाहेर पडलं.

“माझ्या जन्माच्या गावात जर मी आज कुणाला वाट विचारली, तर बहीजाला माझा तलाक.”

कलेजीवाल्याचा झारा तव्यावर थांबला.

ही शपथ या गावात नवी नाही, हे सांगायला हवं. बाजारातले पुरुष ती ताटात मिठासारखी टाकतात. ‘माझ्याकडे जेवला नाहीस तर बायकोला तलाक’, असं एक म्हणतो आणि दुसरा पोट फुटेस्तोवर जेवतो, दुसऱ्याच्या संसारासाठी. शहाणी माणसं याला शिव्या घालतात, मशिदीत यावर प्रवचनं होतात, आणि प्रवचनाहून परतताना कुणीतरी पुन्हा ती घेतो. पण सिराजमास्तरांनी ती उभ्या जन्मात घेतली नव्हती. बहीजाच्या माहेरी तर तो शब्द विस्तवासारखा चिमट्याने धरत. तिच्या जमील काकांनी एकदा कलिंगड गोडच निघेल म्हणून तलाकाची शपथ घेतली होती. कलिंगड पांढरं निघालं. काकू त्याच संध्याकाळी माहेरी गेल्या, आणि मोठ्या माणसांनी मध्ये पडून सोडवणूक करेपर्यंत काका कित्येक महिने शेजाऱ्यांच्या दारात ताट घेऊन उभे होते.

मास्तर स्वतःच आपल्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणजे बघता आलं असतं तर बघितलं असतं. बकरचा चेहरा पांढरा पडला. बहीजा ओरडली नाही, रडली नाही. तिने हातातली पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, एवढंच.

“चला,” ती म्हणाली. “तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते.”

“बहीजा, मी आपलं...”

“आता बोलू नका. जपून चाला.”

या ‘जपून’ शब्दात काय काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

तेव्हा मागे फिरावं, गाडीत बसावं, घरी जाऊन चहा प्यावा, असं तुम्हाला वाटेल. बकरलाही वाटलं. तो तसं म्हणालाही. पण मागे फिरणं म्हणजे वाट येत नाही हे कबूल करणं. आणि वाट तर येत होती. पहिली शंभर पावलं तर डोळे मिटूनसुद्धा.

त्यापुढे पत्रे लागले.

दुरुस्तीचं काम चाललेल्या घरांभोवती उंच पत्रे ठोकले होते. मास्तरांच्या बालपणातली एक अख्खी गल्ली त्या पत्र्याआड गेली होती आणि पत्र्यावर तिचंच चित्र छापलं होतं. मास्तर त्या चित्रातल्या गल्लीत शिरायला निघाले होते, बकरने दंडाला धरलं म्हणून कपाळ वाचलं. मग ते डावीकडे वळले. तिथे एक मांजर होतं आणि पुढे भिंत. उजवीकडे वळले. ऊदाची दुकानं लागली, मग एक चौक, आणि चौकात बलीलावाला. उकडलेल्या हरभऱ्यांवर सिरका आणि लोणच्याचं पाणी घालून देणारा हा यमनी माणूस, यहया त्याचं नाव, मास्तरांना दर थोड्या वेळाने भेटू लागला. कुठूनही निघा, कुठेही वळा, गल्ली त्यांना फिरवून आणून यहयाच्या पातेल्यासमोर उभं करी.

तिसऱ्यांदा आले तेव्हा यहया म्हणाला, “उस्ताद, काही शोधताय का?”

हो म्हटलं तर ते विचारणं होईल का? नाही म्हटलं तर ते खोटं. मास्तरांनी एक युक्ती केली. आकाशाकडे पाहत ते म्हणाले, “ही गल्ली आमच्या मज़लूम मोहल्ल्याकडे जात असावी.”

हे विधान होतं. पूर्णविराम त्यात ऐकू येत होता. कुणी त्याचं उत्तर दिलंच तर तो त्याचा प्रश्न.

यहयाने आकाशाकडे पाहिलं. “आज पाऊस नाही येणार, उस्ताद. बलीला देऊ?”

“हे विचारणंच झालं,” मागून बहीजा शांतपणे म्हणाली.

“विधान होतं.” मास्तर घाबरून मागे वळले.

“शेवटी आवाज वर गेला होता.”

“भावोजी, फोनला विचारलं तर?” बकर आता गार राहिला नव्हता, त्याच्या कपाळावर घाम होता. “फोन म्हणजे काही कुणी नव्हे.”

“त्यात बाई बोलते,” मास्तर म्हणाले. “बाई म्हणजे कुणीतरीच.”

“आवाज बंद करतो तिचा.”

“मुकी असली तरी बाईच.”

तेवढ्यात एक गोष्ट अशी घडली की मास्तरांची छाती पुन्हा वर आली. परदेशी पाहुण्यांचा एक घोळका आला, बारा-पंधरा माणसं, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. त्यांना फिरवणारी चुणचुणीत मुलगी मास्तरांच्या पांढऱ्या मिश्या बघून आदराने म्हणाली, “काका, बंदराकडची जुनी पेठ कुठून?”

बघा. विचारणारे विचारत होते. मास्तरांनी हात लांब केला, बोट ताठ केलं आणि त्यांना वाटेला लावलं. वाटेला लावणं आणि वाट लावणं यात आपल्या भाषेत एका प्रत्ययाचं अंतर आहे. ते अंतर घोळक्याने चटकन कापलं. पुढच्या वळणावर ते सगळे समोरून येताना दिसले. मास्तरांनी पुन्हा बोट दाखवलं. त्याच्या पुढच्या चौकात ते पुन्हा भेटले. चौथ्यांदा त्या मुलीने काही विचारलं नाही, ती नुसती मास्तरांच्या मागून चालू लागली, आणि तिच्यामागून बारा-पंधरा टोप्या. या म्हाताऱ्याला तरी कुठे जायचंय ते नक्की ठाऊक असेल, असा तिचा समज झाला असावा.

आता ही वरात अशी चालली: पुढे मास्तर, मागे बकर, मागे टोप्या, आणि सगळ्यांच्या मागे, दहा हात अंतर राखून, बहीजा. एकदा वळून, मुलाच्या नावाने हाक मारत, मास्तर म्हणाले, “वाईलची आई, दमलीस का?” ती अंतर राखूनच चालत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्या जवळून चालली नाही असं झालं नव्हतं. गल्ल्या अरुंद असत तेव्हा एकामागून एक चालत, पण तिच्या चपलांचा आवाज त्यांच्या टाचेला लागून असे. आता तो आवाज लांबून येत होता, कुणा दुसऱ्याच्या बायकोचा असावा तसा. मास्तरांना धास्ती बसली. वाट सापडली नाही याची नव्हे. ही बाई खरोखरच दहा हातांवर राहिली तर, याची.

आणि बातमी? कलेजीवाल्याने ती ऊदवाल्याला सांगितली, ऊदवाल्याने शिंप्याला. जेद्दाच्या जुन्या गावात माणूस चुकतो, बातमी चुकत नाही. मास्तर एका गल्लीत शिरायच्या आत दोन्हीकडच्या ओट्यांवरून लोक ओरडू लागले.

“उस्ताद, डावीकडे. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं.”

“त्याचं ऐकू नका, तो मदिन्याचा. सरळ जा.”

“अहो, बायकोचा विचार करा. उजवीकडे.”

“कुणाचं घर? आधी घर कुणाचं ते तर सांगा.”

“सांगू नका उस्ताद, सांगितलं तर विचारल्यासारखं होईल.”

एक म्हातारा तर काठी टेकत टेकत त्यांच्यामागून आला आणि म्हणाला, “मी पुढे चालतो. तुम्ही माझ्यामागून आलात तर त्यात विचारणं नाही.” मास्तर कृतज्ञतेने त्याच्यामागून गेले. म्हातारा थेट आपल्या घरी गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याला तेवढ्यात आपण कशाला निघालो त्याचा विसर पडला होता.

मास्तरांनी कानांत बोटं घातली. डोक्यावरचा रुमाल एका खांद्यावर उतरला होता. एका वळणावर नव्याने चुना दिलेलं, सज्जाला तांबूस रंग काढलेलं एक घर होतं. “कुणा पैसेवाल्याचं दिसतंय,” असं पुटपुटत ते त्याच्या पायरीवर मटकन बसले. समोर गल्ली दोन फाट्यांत फुटत होती. दोन्हीकडे सारखीच सावली, सारखीच मांजरं. अजान व्हायला आली होती.

बहीजा चालत चालत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने घराकडे पाहिलं. पायरीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं.

आणि मास्तरांनी मान वर करून, रोज संध्याकाळी चष्मा कुठे ठेवलाय हे ज्या आवाजात विचारत त्याच आवाजात, विचारलं, “बहीजा, डावीकडे की उजवीकडे ग?”



बहीजाने तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. तिचा हात ओठांवर गेला. बकर भिंतीला टेकला. त्या परदेशी लोकांना भाषा येत नव्हती, पण एका म्हाताऱ्या पाहुणीने टोपी काढून छातीशी धरली.

“विचारलं,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“बायकोला विचारलं. ते चालतं,” दुसरा म्हणाला.

“कसं चालतं? कुणाला म्हणजे कुणालाही.”

“ज्या बायकोला तलाक, तिलाच विचारलं. हे तर दुप्पट झालं.”

मास्तर उठायला गेले आणि पुन्हा बसले. मग यहयानेच, चौक सोडून, पातेलं तसंच टाकून आलेल्या यहयाने, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. “शेख अब्दुलमुन्इमकडे चला,” तो म्हणाला. “इथे पलीकडच्याच गल्लीत आहेत. चाळीस वर्षं निकाह लावलेत त्यांनी, मोडलेलेही पाहिलेत. आणि उस्ताद, तुम्ही हे विचारलेलं नाही. मीच नेतोय.”

शेख अब्दुलमुन्इम खाली बैठकीत पुदिन्याचा चहा पीत बसले होते. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसरा दोघांचं काम करणारा. माणसं आत मावेनात. बायका आतल्या पडद्यापलीकडे बसल्या, बहीजा त्यांच्यात. टोप्या दारात उभ्या. बकरने सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, “चूक माझी आहे, शेखसाहेब. बाळंतपणावरून मी बोललो.”

“कुणाचं बाळंतपण?” शेखांनी दचकून विचारलं.

“यांचं. म्हणजे यांच्या सुनेचं. म्हणजे झालंच नव्हतं.”

शेखांनी त्याला हाताने गप्प केलं. मग मास्तरांवर डोळा रोखला.

“गणितं शिकवता की काय?”

“भूगोल.”

“भूगोल शिकवून जिभेची हद्द ठाऊक नाही? तलाक काय फोडणीत टाकायचा जिन्नस वाटला? बायको पैजेवर लावायला ती काय तुमच्या खिशातली वस्तू आहे?”

मास्तरांनी मान खाली घातली. असं वर्गात उभं राहिल्यासारखी बोलणी खायची त्यांची ही पहिलीच वेळ. सुनावणाऱ्याची जागा त्यांची असायची.

“आता नीट ऐका,” शेखांचा आवाज खाली आला. “शपथ घेणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी धरणार. तुम्ही म्हणालात, ‘कुणाला विचारली तर’. त्या ‘कुणाला’मध्ये ही होती का? होती, तर हे प्रकरण माझ्या हातातलं नाही, मोठ्या ठिकाणी जावं लागेल, आणि काय होईल ते सांगता येत नाही. नव्हती, तर का नव्हती ते सांगायचं. वाचण्यासाठी सांगू नका. मला फसवाल, पण ज्याच्या नावाने मी विचारतोय त्याला नाही.”



मास्तरांनी दाराकडे पाहिलं. यहया होता, शिंपी होता, कलेजीवाला झाऱ्यासकट आला होता. बकर होता. उद्या दुपारपर्यंत ही गोष्ट बाब मक्क्यापासून बंदरापर्यंत पोहोचणार, हे त्यांना कळत होतं. ते घसा खाकरून काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने,” शेख म्हणाले. “माझा एक कानही डोळ्यासारखाच आहे.”

“नव्हती,” मास्तर म्हणाले. “ती त्यात नव्हती. कारण तिला विचारणं हे मी कधी विचारण्यात धरलंच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे...” मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. “शेखसाहेब, मी सकाळी कुठला सदरा घालायचा ते हिला विचारतो. दुखतेय ती दाढ डावी की उजवी, ते हिला विचारतो. शाळेत मुख्याध्यापकांशी भांडण झालं तर उद्या काय बोलायचं ते रात्री हिला विचारून जायचो. वडील गेले त्या रात्री आधी कुणाला फोन करायचा हेही मला सुचत नव्हतं, हिला विचारलं. मोसमी वारे कुठून कुठे वाहतात, ते पोरांना शिकवण्याआधी मी स्वयंपाकघरात उभं राहून हिला विचारायचो, बरोबर वाटतंय का ग. ही चौथी शिकलेली. म्हणायची, वाहू देत, वाटतंय बरोबर. लोक म्हणतात सिराजमास्तर बाहेर कुणाला काही विचारत नाही. कशाला विचारेन? मी घरून विचारून आलेला असतो.”

कलेजीवाल्याने झारा पाठीमागे लपवला, उगाचच.

शेखांनी चहाचा उरलेला घोट घेतला. “मग ती ‘कुणी’ नव्हे,” ते म्हणाले. “शपथ मोडलेली नाही. ती तुमची बायको आहे. पण जिभेचा दंड म्हणून दहा भुकेल्यांना जेवू घाला. आणि पुन्हा हा शब्द तोंडातून आला तर माझ्याकडे येऊ नका, मला एकच डोळा आहे, तो मला अशा गोष्टी बघण्यात घालवायचा नाही.”

बकर भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरू लागला. दारातल्या टोप्यांनी, काय झालं ते न कळता, टाळ्या वाजवल्या. यहयाला तेव्हाच आठवलं की पातेल्याखाली आच चालू आहे, आणि तो धावत सुटला.

पडदा सरला आणि बहीजा बाहेर आली. डोळे लाल, पण पिशवी पुन्हा डाव्या हातात. ती मास्तरांच्या जवळ आली, दहा हातांवर नाही, एक वीतभर अंतरावर, आणि त्यांचा उतरलेला रुमाल डोक्यावर नीट बसवू लागली.

“आता सांगायला हरकत नाही ना, शेखसाहेब?” तिने न वळता विचारलं.

“आता काहीही सांग, मुली.”

“तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं,” ती मास्तरांना म्हणाली. “दाबून धरलं. मी उत्तर दिलं असतं तर तुम्ही खरोखरच विचारलं असं झालं असतं, या भीतीने माझी जीभ टाळ्याला चिकटली. पण डावीकडेही नव्हतं जायचं, अहो, आणि उजवीकडेही नाही. तुम्ही बसला होतात ती पायरी आपल्याच घराची होती. वरून रंग बदललेत, तुम्ही नेहमी वर बघून घर ओळखायचात. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून ते घर सुटेपर्यंत रोज सकाळी ती पायरी धुतली आहे.”